निघून जाण्याचे इनाम

बिदरच्या जुन्या शहरात, चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महमूद गावानाने 1472 साली पूर्ण केलेल्या मदरशाची अर्धी उभी आणि अर्धी ढासळलेली वास्तू आजही दिसते. केम्पेगौडाने बेंगळुरूच्या किल्ल्याचा पाया घालण्यापूर्वी सहा दशके, ज्या काळी ना शिक्षण खाते होते ना खात्याचे उपसंचालक, त्या काळी या बहमनी वजिराने इराण-खुरासानातून विद्वान बोलावले, त्यांच्या राहण्याची सोय मदरशातच केली, विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी उचलली, हजारो हस्तलिखितांचा संग्रह केला आणि हेरातच्या जामीसारख्या कवीलाही दख्खनेत येण्याचे निमंत्रण धाडले. जामी आला नाही. पण त्याला बोलावण्याची छाती बिदरमध्ये होती. गुरू लांबून आणायचा तर त्याला घर द्यावे लागते, मान द्यावा लागतो आणि दाम द्यावा लागतो, एवढे व्यवहारज्ञान पंधराव्या शतकातल्या वजिराला होते. आज त्याच जिल्ह्यातल्या औराद तालुक्याच्या एखाद्या खेड्यात गणिताचा एक, फक्त एक शिक्षक पाच वर्षे टिकवून दाखवा असे म्हटले, तर विधानसौधात बसलेले लोकनियुक्त शासन हात वर करते. साडेपाचशे वर्षांची आमची प्रगती ही अशी आहे!

2025 सालच्या कर्नाटकातल्या दहावीच्या पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा दक्षिण कन्नड जिल्हा 91.12 टक्क्यांनी पहिला आला आणि कलबुर्गी जिल्हा 42.43 टक्क्यांनी शेवटचा. त्याच्या आदल्या वर्षी शेवटचा क्रमांक यादगीरचा होता, आणि यादगीर हा 2009 च्या अखेरपर्यंत कलबुर्गीचाच लचका होता, म्हणजे शेवटच्या बाकावरचे नाव बदलले, घर बदलले नाही. एकच राज्य, एकच पाठ्यपुस्तक, एकच प्रश्नपत्रिका आणि एकच मंडळ असताना समुद्रकाठच्या शंभर मुलांपैकी एक्क्याण्णव पार होतात आणि तुरीच्या शिवारातली शंभरापैकी अठ्ठावन्न बुडतात, तेव्हा बुडणाऱ्यांच्या बुद्धीविषयी शंका घेणारा मनुष्य मूर्ख तरी असला पाहिजे किंवा मंत्री तरी. निकालानंतर जे होते ते आता पंचांगाइतके ठरलेले आहे. मुख्याध्यापकांना नोटिसा जातात, आढावा बैठका होतात, ‘निकाल उंचावण्यासाठी कृती आराखडा’ नावाचे एक बाड तयार होते आणि पुढच्या मे महिन्यात तेच बाड नव्या तारखेने पुन्हा बाहेर येते. 2024 पासून तर परीक्षेच्या खोल्यांवर कॅमेरे बसवून त्यांचे थेट चित्र अधिकाऱ्यांच्या पडद्यांवर दिसू लागले आहे. कॉपी थांबली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण दहा वर्षे वर्गात शिकवायला कोणी आहे की नाही हे पाहण्यासाठी ज्यांना एक डोळा सापडला नाही, त्यांना मुले पेपर लिहिताना पाहण्यासाठी मात्र हजारो डोळे सापडले. ही गुणपत्रिका मुलांची नव्हे. ती शासनाची आहे.

सीमेवरच्या एका शाळेत आम्ही घालवलेला एक दिवस सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण अपराध गावाचा नाही. पाच इयत्ता, दोन खोल्या, कायम नेमणुकीचे एक गुरुजी आणि मानधनावरच्या एक अतिथी बाई. बाईंच्या खोलीत पहिली-दुसरी, गुरुजींच्या खोलीत तिसरी, चौथी आणि पाचवी. गुरुजींनी तिसरीला फळ्यावर वजाबाकीची चार गणिते घातली, चौथीला धडा उतरवायला लावला, पाचवीला वाचन दिले आणि खडू खाली ठेवतात न ठेवतात तोच तालुक्याच्या कचेरीतून फोन आला: अमुक माहिती बारापर्यंत पाठवा. नेटवर्क कडुनिंबाखाली येते, म्हणून गुरुजी कडुनिंबाखाली गेले. परत आले तर दुधाची पावडर कालवायची वेळ झालेली. नंतर अंडी उकडून आली. ती मोजायची, न खाणाऱ्यांची केळी वेगळी काढायची आणि सगळ्याची नोंद करायची. साडेतीन वाजता तिसरीतल्या एका मुलीने आपली पाटी आमच्यापुढे धरली. 402 मधून 178 वजा करून तिने 376 हे उत्तर काढले होते. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा, मग तो वर असो की खाली, हा तिचा नियम, आणि त्या नियमाने तिने चारही गणिते मोठ्या निष्ठेने सोडवली होती. हातचा घ्यायचा असतो हे तिला समजावायला पाच मिनिटे पुरली असती. त्या दिवशी त्या शाळेत ती पाच मिनिटे कोणाकडेही नव्हती.

दुपारच्या अंड्याविरुद्ध आम्ही एक शब्द बोलणार नाही. 2013 पासून शाळेत दूध मिळू लागले, 2021 च्या अखेरीस अंडी आली आणि ती आधी याच कुपोषित जिल्ह्यांत आली, हे योग्यच झाले; उपाशी पोर शिकत नाही. पण पोट भरलेले पोरही शिक्षकाशिवाय शिकत नाही, हे या शासनाला कोणी सांगावे? दूध वाटायला, अंडी सोलायला, याद्या भरायला गुरुजी आहेत. हातचा शिकवायला नाहीत. अशा रीतीने शासनाने शाळा बंद न करता शाळा बंद केली आहे.

हे सगळे बेकायदेशीर आहे, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बेकायदेशीरपणा रोजचा झाला की त्याला परिस्थिती म्हणतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 26 वे कलम म्हणते की कोणत्याही शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या राहता कामा नयेत. जिल्ह्यात नव्हे, राज्यात नव्हे, शाळेत. आता दोन शिक्षकांच्या शाळेचे दहा टक्के काढून पाहा. पाव शिक्षकसुद्धा होत नाही! म्हणजे दोन शिक्षकी शाळेतले एकही पद रिकामे ठेवणे हा कायद्याचा भंग आहे. याच कायद्याचे 27 वे कलम जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अन्य कामाला जुंपू नका असे बजावते. तरीही 2025 च्या दसऱ्याच्या आगेमागे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी राज्यभरातले शिक्षक दारोदार फिरवले गेले आणि सरकारी व अनुदानित शाळांच्या सुट्ट्या 18 ऑक्टोबरपर्यंत लांबवण्यात आल्या. कोण मागास आहे हे मोजण्यासाठी मागासांच्या शाळांना कुलूप लावणाऱ्या बुद्धीला काय नाव द्यावे? सामान्य माणसाने कायदा मोडला तर दारात पोलीस येतो. शासनाने मोडला तर फक्त निकाल येतो.

शासन शिक्षकाला प्रोत्साहन देत नाही, असा आरोप करण्याची आता सर्वांना सवय झाली आहे. तो आरोप आम्ही करणार नाही, कारण तो खोटा आहे. शासन प्रोत्साहन देते, दर महिन्याला देते, पगारपत्रकात छापून देते. फक्त ते उलट्या दिशेने देते. 1 ऑगस्ट 2024 पासून लागू झालेल्या राज्याच्या सातव्या वेतन आयोगाप्रमाणे घरभाडे भत्ता बेंगळुरूत मूळ वेतनाच्या 20 टक्के, मधल्या शहरांत 15 टक्के आणि उरलेल्या गावखेड्यांत साडेसात टक्के आहे. हिशेब सोपा जावा म्हणून मूळ वेतन 50,000 रुपये धरा. बेंगळुरूतल्या शिक्षकाला त्यावर 10,000 मिळतात, औराद किंवा चिंचोळीच्या आडगावातल्या शिक्षकाला 3,750. महिन्याला 6,250, वर्षाला 75,000 आणि तीस वर्षांच्या नोकरीत, एकही वेतनवाढ न धरता, साडेबावीस लाख! ज्या शाळेत शिकवणे सर्वांत कठीण, तिथे थांबल्याबद्दल हा दंड आहे आणि तिथून सुटल्याबद्दल हे इनाम. शहरात घरे महाग असतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या खेड्यात भाड्याने मिळण्याजोगे पक्के घरच नाही, जिथल्या शाळेत स्वतःचे मूल घालण्याचे धाडस शिक्षक करीत नाही, दवाखाना गाठायला तास लागतो, तिथला शिक्षक आपले बिऱ्हाड बिदरला, कलबुर्गीला नाहीतर हुमनाबादला ठेवतो, शहराचे भाडे भरतो, रोज दोन बस बदलून शाळेत येतो आणि भत्ता मात्र खेड्याचा घेतो. असा मनुष्य बदलीचा अर्ज करणार नाही तर काय करील?

आणि बदलीचा अर्ज करायला लावणारी यंत्रणाही शासनानेच घडवली आहे. 2020 च्या बदली कायद्याने शाळांचे ए, बी आणि सी असे पट्टे पाडले. शहराजवळचा तो ए, दूरदूरचा तो सी. खेड्यात कोणी कायमचे अडकू नये आणि शहरात कोणी कायमचे चिकटू नये, हा त्यामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण ज्या कायद्यात ‘सी’ मधून बाहेर पडण्याची वाट आहे आणि ‘सी’ मध्ये आनंदाने थांबण्याचे एकही कारण नाही, त्या कायद्याने शिक्षकाच्या मनावर एकच अक्षर कोरले: सी म्हणजे शिक्षा. आधीच बेंगळुरूपासून सुमारे सातशे किलोमीटरवरचे बिदर हे सरकारी नोकरांच्या तोंडी काळ्या पाण्याचे ठिकाण. कोणी अधिकारी डोईजड झाला, कोणी लाच खाताना सापडला, कोणी आमदाराच्या मर्जीतून उतरला, की त्याला ‘तिकडे वर’ पाठवायचे, ही या राज्याची जुनी रीत. जो प्रदेश तुम्ही अपराध्यांची तुरुंगकोठडी म्हणून वापरलात, तिथे गुणवंतांनी हौसेने यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करता? त्यातूनही कोणी आलाच, तर वशिल्याच्या डेप्युटेशनची मागची खिडकी उघडी आहेच: पद खेड्यातल्या शाळेचे, पगार त्या पदावर, आणि मनुष्य तालुक्याच्या एखाद्या टेबलाशी. कागदावर जागा भरलेली. वर्गात खुर्ची रिकामी.

रिकामी खुर्ची झाकण्यासाठी मग अतिथी शिक्षकाची गोधडी पांघरली जाते. अतिथी! ज्या संस्कृतीत अतिथीला देव म्हणतात, तिथे या पदवीधर, बी.एड. झालेल्या तरुणतरुणींना प्राथमिक शाळेत महिना 10,000 रुपये दिले जात होते आणि 2025 च्या अर्थसंकल्पात त्यांत 2,000 ची भर घालून औदार्याचा डिंडिम पिटला गेला. 2024-25 साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 349 रुपये होती. सव्वीस दिवसांचे 9,074 होतात. मातीकाम हलके नव्हे आणि मजुराची मजुरी आम्हाला जास्त वाटत नाही. पण शिक्षकाची किंमत आणि मजुराची मजुरी यांत त्या वर्षी हजार रुपयांचेही अंतर न ठेवणारे शासन जेव्हा 5 सप्टेंबरला व्यासपीठावरून गुरुब्रह्मा म्हणत शाल-नारळ वाटते, तेव्हा त्या नारळाला तडा जात नाही याचेच नवल वाटते. जून उलटल्यावर नेमायचे, मार्च-एप्रिलात घरी पाठवायचे, मधल्या महिन्यांचे मानधन कधी दिवाळीला तर कधी संक्रांतीला द्यायचे, आणि मग विचारायचे, निकाल का लागला नाही?

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते की भरती तर आम्ही करतो, उमेदवारच मिळत नाहीत. हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत भयंकर आहे. 2022 साली राज्याने पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या 15,000 जागा काढल्या, त्यांतल्या 5,000 एकट्या कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे बिदर-कलबुर्गीच्या या भागासाठी, राखल्या. मे महिन्यात परीक्षा झाली. कोर्टकचेऱ्यांत पाय अडकून नियुक्तिपत्रे निघायला 2023 साल सरत आले. आणि जागा 15,000 असूनही निवडीला पात्र ठरले ते तेरा हजारांच्या आसपास. पात्रतेचे गुण मिळवणारेच कमी पडले. ज्या मुलीला तिसरीत हातचा कोणी शिकवला नाही, ती पुढे गणिताची शिक्षिका होऊन परत येईल कशी? आज शिक्षक नाहीत कारण काल शिक्षक नव्हते, आणि उद्याही नसतील कारण आज नाहीत. हे दारिद्र्य आपोआप पिढीजात झालेले नाही. ते पेरले गेले आहे.

आणि पेरणाऱ्यांपाशी बियाणे नव्हते असे कोणी म्हणू नये. डॉ. नंजुंडप्पा समितीने 2002 सालीच राज्यातले 39 तालुके अतिमागास ठरवले आणि त्यांतले 21 तेव्हाच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, विभागात निघाले. त्यानंतर घटनेत 98 वी दुरुस्ती होऊन 371 (जे) हे कलम आले, प्रादेशिक मंडळ स्थापन झाले, स्थानिकांना नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. 2019 साली हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण कर्नाटक झाले. 2023 साली मंडळासाठी वर्षाला 5,000 कोटींची घोषणा झाली. 17 सप्टेंबर 2024 रोजी तर अख्खे मंत्रिमंडळ कलबुर्गीत येऊन बसले. याच मातीने चिंचोळीचे वीरेंद्र पाटील आणि जेवर्गीचे धरमसिंग हे दोन मुख्यमंत्री राज्याला दिले आणि मल्लिकार्जुन खर्गे यांच्यासारखा राष्ट्रीय पक्षाचा अध्यक्ष देशाला दिला. हे खर्गे 1970 च्या दशकात प्राथमिक शिक्षणाचे राज्यमंत्री असताना मागासवर्गीय शिक्षकांच्या हजारो अनुशेष जागा भरल्या गेल्या होत्या. म्हणजे मनात आणले तर खुर्च्या भरता येतात, याचा पुरावाही आमच्या घरातच आहे. मग अडते कुठे? अडते ते इथे, की खोली बांधायची म्हटले की टेंडर निघते, सिमेंट लागते, सळई लागते, कोनशिला बसते आणि कोनशिलेवर नाव बसते. गुरुजी टिकवायचे म्हटले तर यांतले काहीच निघत नाही. म्हणून खोल्या वाढतात आणि खोल्यांत उभा राहणारा मनुष्य कमी होतो. कल्याण हे नाव भिंतीवर रंगवून होत नसते.

या दुर्लक्षाच्या काठावर, सर्वांच्या पाठीमागे, मराठी माध्यमाची शाळा उभी आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे राहिले. तेव्हापासून या गावांवर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचे प्रेम इतके उतू जाते की विचारू नये. सीमावादासाठी महाजन आयोग झाला, महाराष्ट्राचा 865 गावांवर दावा झाला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा आहे. महाराष्ट्राने 2023 साली या गावांना आरोग्य विम्याचे कवच जाहीर केले, कर्नाटकाने त्यावर आगपाखड केली, दोन्हीकडच्या सभागृहांत ठराव झाले, दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. घटनेचे 350 (अ) हे कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्या म्हणते. कर्नाटक मराठीतून पाठ्यपुस्तकही छापते. 2015 च्या कायद्याने प्रत्येक शाळेत कन्नडही शिकवायची आहे आणि ती शिकवलीच पाहिजे, कारण पोराला पोट याच राज्यात भरायचे आहे. पण पुस्तक उघडून दाखवणारा मराठी शिक्षक आणि कन्नड गोडीने शिकवणारा कन्नड शिक्षक, हे दोघे मिळावेत म्हणून कोणी बस अडवली? आणि महाराष्ट्राने फार मिशा पिळू नयेत. जत तालुक्यातल्या कन्नड शाळांत मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची ओरड 2024 साली झाली, तेव्हा त्या कन्नड पोरांचे हाल आमच्या पोरांच्या हालांहून वेगळे नव्हते. दोन्ही राज्यांना जमीन हवी आहे. जमिनीवरचे पोर कोणालाच नको आहे.

इतके ऐकल्यावर काही सात्त्विक मंडळी कानाला हात लावून म्हणतील, शिक्षकी हे व्रत आहे. जो पैशासाठी खेड्यात येतो तो गुरुजी कसला? या प्रश्नाचा आम्हाला मनस्वी संताप येतो. व्रत काय असते ते या मातीला शिकवू नका. निजामाच्या राज्यात दारावर उर्दूची पाटी आणि आत कन्नडचा वर्ग चालवणारे भालकीचे चन्नबसव पट्टद्देवरू इथलेच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईत मुलांना शिकवून मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांना 1952 साली लोकसभेवर पाठवणारे गुलबर्गाही हेच. त्यांनी व्रत केले ते परक्या राजवटीत, कारण शासन त्यांचे नव्हते. आज शासन आपले आहे, कर आपले आहेत, तिजोरी आपली आहे. आपल्या शासनाने आपले कर्तव्य टाळायचे आणि टाळलेल्या कर्तव्याचा भार कोणा एका संसारी शिक्षकाच्या वैराग्यावर टाकायचा, याला व्रत म्हणत नाहीत. जिल्हाधिकाऱ्याला बंगला लागतो, न्यायाधीशाला निवासस्थान लागते, आमदाराला भत्ते लागतात. त्याग तेवढा मास्तरने करायचा! आणि हा उपदेश करणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे सरकारी शाळेत आहेत, हे विचारले की सभा संपते.

जगाने या बाबतीत आमच्यासाठी कोडे शिल्लक ठेवलेले नाही. गाम्बियासारख्या आफ्रिकेतल्या चिमुकल्या, गरीब देशाने 2006 साली मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटरहून लांब असलेल्या शाळांतल्या शिक्षकांना पगाराच्या 30 ते 40 टक्के जादा भत्ता सुरू केला. अभ्यासकांनी मोजले तेव्हा त्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण टक्केवारीच्या दहा अंकांनी वाढलेले आढळले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाने 2001 ते 2004 या काळात गरीब आणि मागे पडलेल्या शाळांतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना वर्षाला 1,800 डॉलर जादा दिले. शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण सतरा टक्क्यांनी घटले, आणि योजना तीन वर्षांत गुंडाळली गेली. महाराष्ट्रात 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्याला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. 2017 पासून ‘अवघड क्षेत्रा’त तीन वर्षे काढलेल्याचा बदलीत हक्क मानला जातो. तिथेही सारे आलबेल नाही. पण अवघडाला अवघड म्हणण्याचा प्रामाणिकपणा तरी त्यात आहे. गाम्बियाचा आणखी एक धडा लपवू नये: भत्त्याने शिक्षक आला, पण केवळ त्यामुळे मुलांचे सरासरी गुण वाढले नाहीत. शिक्षक आणणे हे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. पण पहिले पाऊल न टाकता शेवटच्या पावलाची चर्चा करीत बसणे हा आळशांचा उद्योग आहे.

म्हणून आमची मागणी दयेची नाही, हिशेबाची आहे. घरभाड्याचा उलटा तराजू सुलटा करा: सी पट्ट्यातल्या, त्यातही सीमेवरच्या आणि तांड्यांवरच्या शाळांतल्या शिक्षकाला मूळ वेतनाच्या किमान तीस टक्के दुर्गम भत्ता द्या, आणि तो वर्षावर्षाच्या घोषणेवर न ठेवता सेवानियमांत घाला. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 सालीच खेड्यातल्या शिक्षकांसाठी शाळेजवळ घरे बांधा म्हटले होते. ते धोरण तुम्हाला पसंत नसेल तर महमूद गावानाचे धोरण घ्या, तो काही दिल्लीत बसत नव्हता. प्रादेशिक मंडळाच्या 5,000 कोटींतून शंभर कमानी कमी करा आणि शिक्षकांची घरे बांधा. सलग पाच वर्षे एका शाळेत राहणाऱ्याला पुढची बदली त्याच्या पसंतीची द्या. डेप्युटेशनची खिडकी विटांनी चिणून टाका. तांड्यावरच्या आणि वाडीवरच्या बारावी झालेल्या मुलींना शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण होईतो शिष्यवृत्ती द्या आणि बदल्यात आपल्याच तालुक्यात सात वर्षांची नोकरी मागा. ज्याचे घर गावात असते तो बसची वाट पाहत नाही. अतिथी म्हणवता तर अतिथीसारखे वागवा: बारा महिन्यांचे मानधन, महिन्याच्या एक तारखेला. मराठी शाळेला मराठी शिक्षक द्या आणि कन्नडचा उत्तम शिक्षकही द्या. आणि प्रत्येक शाळेच्या दारावर, जिथे आज आमदारांच्या नावाची कोनशिला आहे, तिथे दर महिन्याला खडूने लिहा: मंजूर पदे किती, हजर शिक्षक किती. 26 वे कलम गावकऱ्यांना वाचता येऊ द्या.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. शिक्षक न ठेवण्याचीही किंमत असते. ती फक्त अर्थसंकल्पात दिसत नाही. ती दिसते तुरीची रास झाल्यावर मुंबई-पुण्याच्या आणि हैदराबादच्या बांधकामांकडे निघालेल्या गाड्यांत, दहावी नापास झालेल्या पोराच्या डोक्यावरच्या घमेल्यात, नववीतून काढून उजवलेल्या मुलीच्या कुंकवात. त्या तिसरीतल्या मुलीची चूक कोणी दुरुस्त केली नाही, तर ती पाटीवरून वहीत जाईल, वहीतून दहावीच्या उत्तरपत्रिकेत जाईल, आणि एके दिवशी मुकादम तिच्या उचलीतून तिची मजुरी वजा करील तेव्हा त्याचाही हिशेब 376 च येईल. तो बरोबर आहे की चूक हे तिला कळणार नाही.

शासनाने या गावांना शिक्षक दिला नाही, पण एक धडा मात्र वर्षानुवर्षे, न चुकता, पगारपत्रकातून, बदलीच्या यादीतून आणि रिकाम्या खुर्चीतून शिकवला. गुरुजी आले आणि गेले, साहेब आले आणि गेले, पुढारी मोठे झाले आणि गेले. ज्याला ज्याला काही किंमत आहे तो इथून जातो आणि जाणाऱ्याला इनाम मिळते. मुले गणितात कच्ची असतील. हा धडा त्यांना तोंडपाठ आहे.